रविवारचा गृहपाठ

दिवाळीपासून फोनवर, लग्नकार्यात, जिथे जाईन तिथे एकच विचारणा. "पोरीला घरीच शिकवतेस म्हणे? जमतं का?" जळगावच्या मावशीने तर नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. म्हणाली, "गणित-विज्ञानाचं एक वेळ ठीक आहे गं, त्याला क्लास मिळतो. इतिहास आणि व्याकरणाचं काय करणार? ते पोरं शाळेच्या धाकानेच करतात." प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन दमले, म्हणून आज एकदाच सगळं लिहून टाकते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा :-)

आधी घरी का, ते. लेक सहावीत. जुलैत तिला कावीळ झाली, दोन महिने अंथरुणात गेले. परत गेली तेव्हा निबंध होता 'माझी आजी'. तिने लिहिलं, 'आजीने मला सायकल घेऊन दिन्ही.' 'दिन्ही'खाली तांबडी रेघ मारली गेली आणि ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं गेलं. वर्ग हसला. (इथे 'कोणी' ते मी मुद्दाम गाळलंय. का, ते पुढे कळेल.) पन्नास वह्या तपासणाऱ्या माणसाची एखादी दुपार वाईट जाते, माझा त्यावर राग नाही. पण त्यानंतर लेक शाळेत जायला तयार होईना.

खरा घाव मात्र दोन दिवसांनी बसला. मैत्रिणी घरी येणार होत्या. लेक हळूच आजीला म्हणाली, "आजी, त्या आल्यावर तू बोलू नको ना." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. शेंगांचं सूप घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसल्या. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि मला घाम फुटला. कारण माझं माहेर जळगावचं, घरात लेवा बोली, आणि मीही शाळेत असताना बाहेर 'मले-तुले' म्हणणाऱ्या आईपासून दोन पावलं लांब उभी राहायचे. आईला हे कधी सांगितलं नाही. आता सांगायला ती नाही.

असो. तर या वर्षापुरतं घरी, असं ठरलं. बाकीचे विषय रोज, पण इतिहास आणि व्याकरण आठवड्यातून एकदा, रविवारी. आणि दोन्हींचा गृहपाठ एकच.

रविवार का, याला धुळ्यात एक जुना दाखला आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवारात अठरा अध्याय. मोजून बघा, बरोबर बसतं. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. तेही तेव्हा त्याच तुरुंगात होते. अमळनेरला मास्तरकी केलेला माणूस खाली बसून विद्यार्थ्यासारखा लिहून घेतोय, हे चित्र मला फार आवडतं. 'गीता प्रवचने' आज घराघरात आहे ती एकाने सांगितलं आणि दुसऱ्याने लिहून घेतलं म्हणून.

खानदेशात हे पुन्हा एकदा घडलेलं आहे. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गायच्या आणि घरातली मुलं, त्यात सोपानदेव, लिहून घ्यायची. त्या १९५१ साली गेल्या, १९५२ साली गाणी पुस्तकरूपाने आली. आता जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्याने कोणी ती गाणी लिहून घेतली त्याने 'आधी शुद्ध करू, मग लिहू' असं ठरवलं असतं तर? त्या गाण्यांचं काय उरलं असतं?

यावरून मला शाळेतला एक शब्द आठवला. बाई सांगणार आणि मुलं लिहिणार, त्याला आपण 'शुद्धलेखन' म्हणायचो. खरं तर ते श्रुतलेखन. ऐकलेलं लिहिणं. ऐकणं आधी, शुद्ध करणं नंतर. आपण दोन्ही एकाच नावात कोंबलं आणि ऐकण्याचे मार्क कोणी दिलेच नाहीत.

म्हणून आमच्या गृहपाठाची वही आडवी आखलेली आहे. पानाच्या मध्ये रेघ. डावीकडे 'जसं ऐकलं किंवा वाचलं तसं', उजवीकडे 'प्रमाण मराठीत'. तांबडं पेन घरात नाही. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम.

ही युक्ती माझी नाही म्हणा. ती मला सुचली धुळ्याच्याच एका वास्तूमुळे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, इथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघालं. आम्ही धुळेकर त्यावरून शंभरदा जातो आणि आत एकदा. राजवाड्यांना सगळे इतिहासकार म्हणून ओळखतात. गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' त्यांनी छापली. पहिला खंड १८९८ चा, एकूण २२ खंड. पण याच माणसाने १९०९ साली ज्ञानेश्वरी संपादित केली आणि तिच्यातल्या मराठीचं व्याकरणही लिहिलं. मराठी धातूंचा कोश केला, तो ते गेल्यावर धुळ्याच्या मंडळाने छापला. त्यांचे सगळे निष्कर्ष आज कोणी मानत नाही, आणि जातीपातीबद्दलची काही मतं तर मला वाचवत नाहीत. पण कागद हातात आला की आधी तो जसा आहे तसा उतरवायचा, ही शिस्त मात्र घेण्यासारखी. आणि इतिहास नि व्याकरण ही दोन दुकानं त्यांनी कधी वेगळी मांडली नाहीत. जुना कागद वाचायचा तर जुनं व्याकरण यावं लागतं, आणि जुनं व्याकरण कळायचं तर जुना कागद वाचावा लागतो.

आता प्रत्यक्ष गृहपाठाचे तीन रविवार सांगते.

पहिला रविवार. विषय नंदुरबारचा शिरीषकुमार. (नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात, पुढे धुळे जिल्ह्यात, १ जुलै १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा.) ९ सप्टेंबर १९४२, मुलांची मिरवणूक, घोषणा गुजरातीत, कारण शिरीषकुमारच्या घरची भाषा गुजराती. वय पंधरा. त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास. लेकीने सारांश लिहिला, 'गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले.' शुद्धलेखनाची एकही चूक नाही. शाळेत पैकीच्या पैकी मिळाले असते.

मी म्हटलं, वाक्याचं व्याकरण चालव. 'गोळीबार झाला', क्रियापद कोणतं? झाला. कर्ता कोण? ती थबकली. मग म्हणाली, "गोळीबार." म्हणजे गोळीबाराने गोळीबार केला? तिला हसू आलं. मग हसू गेलं. "आई, पोलीस कुठे गेले?"

पोलीस वाक्यातून पळाले होते :-) 'पोलिसांनी गोळ्या झाडल्या' असं लिहिलं की ते तृतीयेचा प्रत्यय लावून हजर होतात. कर्मणी प्रयोग तिला त्या दिवशी जो कळला तो पुन्हा विसरायची नाही. तेव्हापासून तिला नादच लागला आहे. पेपर उघडायचा आणि 'लाठीमार झाला', 'झाडे तोडण्यात आली', 'निधी परत गेला' अशी वाक्यं शोधून त्यांचे हरवलेले कर्ते विचारायचे. तिच्या बाबांना एकदा म्हणाले, "दूध उतू गेलं." तर ही आतून ओरडते, "कोणी जाऊ दिलं?" घरात व्याकरण आलं की असे तोटे पण होतात.

दुसरा रविवार. आजीच्या भाषेची विभक्ती. डावीकडे आजी काय बोलते ते आठवडाभर लपूनछपून टिपायचं. पहिले काही दिवस वही कोरी, कारण सासूबाई नातीसमोर जपून, पुस्तकी बोलायचा प्रयत्न करत होत्या. मला ते बघवत नव्हतं. मग शेजारच्या काकू आल्या आणि गप्पा रंगल्या तेव्हा पान भरलं. 'रामना घर', 'मन्हा भाऊ', 'माले', 'तुले', 'काय करी ऱ्हायनी'. रविवारी तक्ता केला. षष्ठीला आपलं चा-ची-चे. आजीचं ना-नी-नं. आणि नंदुरबारच्या गुजराती घरात नो-नी-नुं. लेक तक्त्याकडे बघत राहिली. "म्हणजे आजीचं चुकत नाही. तिचे प्रत्यय वेगळे आहेत." एवढंच वाक्य. मी पुढे काही शिकवलं नाही.

मग तिने विचारलं, आजी मराठी बोलते का? आता आली का पंचाईत. ग्रियर्सनने हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हा खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांच्या खंडात घातलं, तो खंड १९०७ चा. आपल्या जनगणनेतही खानदेशी ही वेगळी भाषा म्हणून मोजतात. २०११ साली ती मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक होते, त्यातले बहुतेक अहिराणीवाले. उलट मराठीचीच बोली म्हणणारेही मोठे अभ्यासक आहेत. आमच्या घरी गणनेला माणूस आला होता तेव्हा मी न विचारता सगळ्यांची 'मराठी' लिहून दिली होती. सासूबाईंनाही विचारलं नव्हतं. हे मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आजीच्या वाक्यातला कर्ता तू गाळलास." काय बोलणार.

तिसरा रविवार, आणि यासाठीच खरं म्हणजे हा सगळा प्रपंच. चाळीसगावजवळचं पाटणं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पाटणादेवी, धबधबा, शाळेची सहल, माकडांनी पळवलेले डबे. मी तीनदा गेले आहे. पण तिथल्या देवीच्या देवळातल्या शिलालेखाबद्दल मला तिन्ही वेळा कोणी सांगितलं नाही. १८६०च्या दशकात डॉ. भाऊ दाजींनी तो विद्वानांपुढे आणला. काळ शके ११२८, म्हणजे इ.स. १२०६-०७. थोर गणिती भास्कराचार्य, त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटण्याला मठ काढला. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने त्याला दान दिलं. म्हणजे आजोबांची विद्या नातवाने गावात जिवंत ठेवली, त्याचा हा लेख. आमच्या वहीला यापेक्षा चांगलं पान कुठून मिळणार?

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. वंशवर्णन, राजे, स्तुती सगळं संस्कृतात. पण शेवटी जिथे हिशेब येतो, बाजारातल्या मालावर मठाचा वाटा किती, दर घाण्यामागे एक पळी तेल, तिथे लेख सरळ मराठीत उतरतो. का बरं? लेकीने उत्तर दिलं, "तेलवाल्याला कळायला पाहिजे ना." माझ्या मते हेच बरोबर आहे. ज्याच्याकडून तेल घ्यायचं त्याला त्याच्या भाषेत सांगावं लागतं.

शं. गो. तुळपुळ्यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या ग्रंथातून तो भाग मी वहीत उतरवून आणला होता. लेक अक्षर अक्षर लावत डावीकडे लिहीत होती. एका शब्दावर थांबली. 'मढा', म्हणजे मठाला, असं तिने ताडलं. पुढचा शब्द 'दीन्हला'.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग आत जाऊन निबंधाची वही घेऊन आली. तीच, तांबड्या रेघेची. दोन्ही शेजारी ठेवल्या. 'दीन्हला' आणि 'दिन्ही'.

आता मला इथे जपून बोलायला हवं, कारण आनंदाच्या भरात माणूस वाट्टेल ते सिद्ध करतो. (राजवाड्यांनीही केलं आहे.) एका शब्दावरून अहिराणी म्हणजेच जुनी मराठी असं काही ठरत नाही. संस्कृतातलं 'दत्त', प्राकृतात 'दिण्ण', त्या 'ण्ण'ची आठवण ठेवणारी रूपं उत्तरेकडच्या अवधीतही आहेत. जुन्या मराठीत 'दिधला'ही भेटतं, आणि आपल्याकडे शेवटी 'दिला' टिकलं. मी लेकीला हे सगळं सांगितलं. एवढंच म्हणता येतं की आठशे वर्षांपूर्वी आपल्याच खानदेशात, शाळेच्या कामी, दगडावर, मराठीत, त्या धाटणीचा शब्द कोरला गेला आणि तो कोणी खोडला नाही. आजीकडे त्याच कुळातला शब्द अजून आहे. आपल्या पुस्तकात नाही.

"मग बाईंना दाखवू?" तिने विचारलं. मी म्हटलं, दाखव हवं तर, पण हसायला नको. त्यांनाही कोणी सांगितलं नसेल.

त्या संध्याकाळी ती स्वतःहून आजीजवळ जाऊन बसली. गृहपाठ म्हणून १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारायचं होतं. सासूबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. (त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी उभी राहिली, कायदा १९७७ चा.) आधी नेहमीसारखं पुस्तकी बोलू लागल्या. लेक म्हणाली, "आजी, तुझ्यासारखं सांग. डावीकडे लिहायचंय." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून भाजी निवडत राहिले. मग सुरू झाल्या. हातांना आलेले फोड, वाटेत बसून पडलेल्या म्हशी, मुकादमाची हजेरी, आणि मग, "तवय आम्हले सुकडी दिन्ही."

लेकीने डावीकडे लिहिलं 'दिन्ही'. उजवीकडे 'दिली'. आणि मग, सवयीने, "आजी, कोणी दिन्ही?"

"सरकारनी. आखो कोन?" सासूबाई म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, ती सुकडी त्या स्वतः अर्धीच खायच्या, अर्धी पदरात बांधून धाकट्या भावासाठी आणायच्या. हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. तो धाकटा भाऊ म्हणजे आमचे मामेसासरे. मामा, तुम्ही हे वाचत असाल तर फोन करा त्यांना.

पुण्याच्या भाऊजींचं म्हणणं, वहिनी, हे सगळं गोड आहे, पण परीक्षेत 'दिन्ही' लिहिलं तर मार्क जाणार, आणि अहिराणीवर पोट भरत नाही. भाऊजी, मान्य. म्हणून तर उजवी बाजू आहे, आणि तीही नीट भरून घेते, दर आठवड्याला वीस वाक्यं, ऱ्हस्व-दीर्घासकट. तहसीलदाराला अर्ज अहिराणीत देता येत नाही हे मलाही ठाऊक आहे. हा लेखसुद्धा मी उजव्या बाजूलाच लिहितेय. पण डावी बाजू कोरी ठेवली तर सुकडीची गोष्ट कोणाच्याच वहीत जात नाही.

जूनपासून ती पुन्हा शाळेत जाईल बहुतेक. जायला हवं, मैत्रिणी तिथे आहेत. सगळं आलबेल झालं असं मात्र नाही. गेल्या रविवारी त्याच मैत्रिणी आल्या होत्या. लेकीने आजीला काही सांगितलं नाही, उलट हाका मारत होती. सासूबाई हसल्या, सगळ्यांच्या हातावर शेंगादाण्याचा लाडू ठेवला, आणि न बोलता मागच्या खोलीत गेल्या. एकदा गप्प केलेलं माणूस इतक्या लवकर बोलत नाही.

पुढचा रविवार आता सोडून बाकी कुटुंबाला गृहपाठ. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारा, ७२ सालचा, लग्नाचा, कशाचाही. आणि उत्तर ते बोलतील तसं लिहून पाठवा. दुरुस्त करू नका, ते आम्ही करू. वऱ्हाडातल्या, कोकणातल्या मित्रमंडळींनीही पाठवावं. तुमच्याकडे 'दिलं'ला काय म्हणतात, ते तर नक्की कळवा. लेकीने तक्त्यात जागा सोडून ठेवली आहे.